एकाच हातची पत्रं

पु. शि. रेग्यांच्या ‘सावित्री’त ३९ पत्रं आहेत आणि ती सगळी एकट्या सावित्रीची आहेत. ज्याला ती लिहिते त्याचं एकही पत्र पुस्तकात नाही. तो काय म्हणाला, कशानं सुखावला, कुठे गप्प राहिला, हे तिच्याच ओळींतून ताडायचं. १९६२ साली ही लहानखुरी कादंबरी आली. तिच्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं, तिच्यातल्या मोराची गोष्ट तर पुस्तक न वाचलेल्यांनाही ठाऊक असते. तरी मला दर वाचनात पहिल्यांदा जाणवते ती त्या न छापलेल्या पत्रांची रिकामी जागा.

रेगे कोकणातले, मिठबावचे. मुंबईत आणि लंडनला अर्थशास्त्र शिकले, तेच शिकवलं, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण मराठी वाचकाला ते ठाऊक आहेत ते कवी म्हणून. ‘पुष्कळा’ हा संग्रह १९६०चा, म्हणजे ‘सावित्री’च्या दोनच वर्षं आधीचा. त्यांच्या कवितेच्या मध्यभागी बाई असते, आणि बहुतेकदा पाहणारा पुरुष असतो. ‘सावित्री’त त्यांनी पाहणाऱ्यालाच पानाबाहेर ठेवलं आणि बाईच्या हाती लेखणी दिली. पुरुष लेखकानं पुरुषाची सगळी पत्रं बाजूला काढून ठेवावीत आणि त्यावर कादंबरी उभी करावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सावित्री लिहिते ती दक्षिणेतल्या आपल्या गावाहून, मग जपानमधून. भोवती दुसऱ्या महायुद्धाचा काळ आहे. पत्रांत वडील आहेत, त्यांना ती आप्पा म्हणते. घरात राजम्मा आहे. कोण आलं, कोण गेलं, काय वाचलं, काय सुचलं, हे सारं आहे. ‘तुझ्याशिवाय जगवत नाही’ अशा जातीचं मात्र त्यांत काही नाही. लच्छीला मोर हवा असतो आणि त्या मोरापायी तिला स्वतःलाच आनंदात राहायला शिकावं लागतं, ही गोष्ट सावित्री सांगते, आणि मग ती स्वतःही तशीच जगू पाहते. वाट पाहणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे, हे तिला फार लवकर कळलेलं आहे. ती एकटी आहे, पण ओसाड नाही. रोजचा दिवस कुणाला तरी सांगायचा आहे म्हणून ती तो दिवस नीट पाहते. सांगायचं माणूस असलं की डोळ्यांना वेगळी धार येते, आणि प्रेमाचा मला कळलेला अर्थ बराचसा हाच आहे.

मी हे पुस्तक अंबडात वाचलं. नव्या नोकरीतले दिवस होते, मुलांना मराठी शिकवायचं आणि संध्याकाळी मत्स्योदरीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर बसून वाचायचं. टेकडी माशाच्या आकाराची म्हणून देवीचं नाव मत्स्योदरी. देवळाच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलेलं आहे. वरून गाव दिसतं, मोसंबीच्या बागा दिसतात, दक्षिणेला गोदावरीकडे उतरत जाणारी काळी जमीन दिसते. तिथे बसून सावित्रीची पत्रं वाचताना एक प्रश्न मनात यायचा आणि मग पुढची पानं सरकायची नाहीत. ज्या वर्षी ही पत्रं छापली गेली, त्या वर्षी या खालच्या घरांमधली कुठली बाई असं पत्र लिहू शकली असती? १९६१च्या जनगणनेत सबंध देशात बायकांमधली साक्षरता जेमतेम १५ टक्के होती. मराठवाड्याची परिस्थिती त्याहून बरी असण्याचं कारण नव्हतं. हा मुलूख १९४८पर्यंत निजामाचा. संस्थानाचं टपालखातं स्वतंत्र, १८६९पासून तिकिटंही स्वतःची. त्या जुन्या तिकिटांवर उर्दू आणि इंग्रजीच्या जोडीला मराठी आणि तेलुगू अक्षरंही असायची. तिकिटावर मराठी होती, पण ते तिकीट लावून पत्र धाडण्याइतकी मराठी इथल्या बाईच्या बोटांत येऊ दिली गेली नव्हती.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गल्लीची पत्रं लहानपणी मीच लिहिलेली आहेत.

प्राथमिक शाळेत माझं अक्षर बरं होतं आणि मी मुलगी होते, ही दोन कारणं त्यासाठी पुरेशी होती. १९७२च्या दुष्काळात गावाबाहेर पडलेली कितीतरी माणसं परत आलीच नव्हती. कुणी पुण्यात बांधकामावर, कुणी मुंबईत गोदीत, कुणी नाशिककडे. त्यांच्या बायका दुपारच्या, घरातली मोठी माणसं पडलेली असताना, निळं आंतर्देशीय पत्र पदराखाली धरून यायच्या. मी पाटावर वही ठेवून तिच्यावर ते पसरायची. सुरुवात ठरलेली, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व खुशाल. ते मला पाठ होतं. त्यानंतर मी पेन वर धरून वाट पाहायची आणि समोरची बाई गप्प व्हायची.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती म्हणायची, “त्यायला म्हणावं, शेळी व्याली.” मी लिहायची. “त्यायला म्हणावं, खालच्या रानात पानी लागलं नाही.” मी लिहायची. “म्हणावं, मामंजींचा खोकला हाये तसाच हाये.” मग पुन्हा गप्प. मी विचारायची, काकू, आणखी काय? त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायच्या आणि म्हणायच्या, “बस, येवढंच. आता लिव, दिवाळीला या म्हणून.” समोर दहा वर्षांची पोर बसलेली, तिला काय सांगणार? पत्र जिथे पोहोचायचं तिथेही त्यांचा नवरा ते स्वतः वाचेलच असं नव्हतं. खोलीवरच्या कुणा शिकलेल्या सोबत्याकडून तो ते वाचून घेणार. म्हणजे नवरा-बायकोच्या मध्ये दोन परकी माणसं, एक लिहिणारं आणि एक वाचणारं. त्या दोघांच्या देखत जेवढं बोलता येईल तेवढंच पत्रात जायचं.

आता कळतं, की शेळी व्याली हीच ती ओळ होती. ती शेळी त्यानं जाण्याआधी बाजारातून आणलेली होती. खालच्या रानातली विहीर दोघांनी मिळून खणायला घेतली होती. मोठं झाल्यावर मी त्यांतल्या एका काकूंशी यावर बोलले. त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, शेळीचं ऐकून त्यायला समजंल.” समजलं का, हे त्यांना कधी कळलं नाही, कारण त्याची पत्रं सासऱ्यांच्या नावे यायची. त्यांत सगळ्यांना नमस्कार असे, लहानांना आशीर्वाद असे, आणि बायकोचा उल्लेख ‘घरातील सर्व मंडळीं’मध्ये मावलेला असे. मनीऑर्डर आली की तिच्या फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती चिंचोळी पट्टी असायची. पैसे सासऱ्यांच्या हातात जायचे, अंगठा उठायचा, आणि ती पट्टी पोस्टमन मोठ्यानं वाचून दाखवायचा. काकू दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. ती मनीऑर्डरही २०१५ साली बंद झाली.

‘सावित्री’ ही एकटेपणाची कादंबरी आहे असं म्हणतात, तेव्हा मला या दुपारी आठवतात. सावित्रीपाशी स्वतःचा हात होता. तिचं पत्र बंद होऊन निघायचं आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याच हाती उघडायचं. तिचं माणूस समुद्रापलीकडे असेल, भोवती युद्ध असेल, तरी तिचं तिच्याशी आणि त्याच्याशी बोलणं अखंड होतं. आमच्या काकूंचा नवरा पुण्यात होता, एका दिवसाच्या वाटेवर. तरी दोघांत जास्त एकटं कोण, हे मला विचारावं लागत नाही.

पण मग बाईचं प्रेमपत्र ही गोष्ट या मातीला नवी होती का? मुळीच नाही. उलट आमच्या घरांत एक प्रेमपत्र देव्हाऱ्यात ठेवलेलं असे. मुलगी उपवर झाली, स्थळ जमेना, की घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चं पारायण करायला बसवत. मलाही बसवलं होतं. १८ प्रसंगांचा ग्रंथ, नाथांनी तो काशीत १५७१ साली पुरा केला. नाथ पैठणचे. पैठणची गोदावरी खाली वाहत येते तीच आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला भेटते, त्यामुळे नाथ आमच्याकडे कुणी लांबचे वाटत नाहीत. डोक्यावरून पदर घेऊन, उदबत्ती लावून, मी वाचायला बसले आणि काही प्रसंगांनंतर चमकून थांबले. घरच्यांनी ठरवलेलं लग्न नको म्हणून एक मुलगी आपल्या मनातल्या पुरुषाला पत्र लिहिते आहे. पत्र नेणारा विश्वासू ब्राह्मण तिनं स्वतः निवडला आहे. भागवतात ते पत्र सात श्लोकांचं आहे, आणि त्यात नुसती ओढ नाही. कधी ये, कुठे ये, लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेरच्या अंबिकेच्या देवळात येते तेव्हा मला ने, असा चोख बेत आहे. ज्या घरात मुलीला दारात उभं राहिल्याबद्दल बोलणी बसत, त्याच घरात हे पत्र तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं जात होतं! आजीला मी त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, “ते देवाचं हाय, बाई.” पण माझ्या वाचण्यातली एक ओळ चुकली तर तीच ती अचूक म्हणून दाखवायची. तिला वाचता येत नव्हतं. ऐकून ऐकून तिला पत्र पाठ होतं.

आणि नाथांच्याही कितीतरी आधी, तेराव्या शतकात, रुक्मिणीचं हे लग्न मराठीत गायलं ते एका बाईनंच. महानुभाव पंथातली महदंबा, जिला आपण आद्य कवयित्री म्हणतो, तिचे ‘धवळे’ म्हणजे रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाची गाणी. ती रामसगावची मानली जाते. रामसगाव आज घनसावंगी तालुक्यात आहे, पण जुन्या माणसांच्या हिशेबी तो सगळा टापू अंबडचाच. म्हणजे मराठीतल्या पहिल्या कवयित्रीला गावंसं वाटलं ते एका पत्र लिहिणाऱ्या मुलीचं लग्न, आणि ती आमच्या गोदाकाठची. रुक्मिणीच्या पत्राला कृष्णानं लेखी उत्तर दिलं नाही. तो आला. सावित्रीच्या पुस्तकात त्याची पत्रं नाहीत याची आपल्याला चुटपुट लागते, पण त्या जुन्या कथेची सवय असलेल्या माझ्या आजीला ती लागली नसती. पत्र बाईनं लिहायचं, पुरुषानं यायचं, हे तिच्या हिशेबात बसलेलं होतं.

न आलेल्या माणसांच्या कथाही याच मातीत आहेत. समर्थ रामदासांचं जांब इथलंच. १६०८ साली जन्मलेला नारायण वयाच्या बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेला, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. कीर्तनात ती सांगताना सगळे ‘सावधान’ या शब्दापाशी थांबतात. मी त्याच्या आईपाशी थांबते. परंपरा सांगते की राणूबाईंनी चोवीस वर्षं वाट पाहिली आणि तेवढ्यात त्यांची दृष्टी गेली. अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या मुलीबद्दल कथा जवळपास काहीच सांगत नाही. त्या दोघींनी कुणाला काय सांगितलं असेल, कुणाजवळ?

जात्याजवळ सांगितलं असेल. जी पत्रं लिहिता आली नाहीत ती सगळी जात्यावर गेली, असं मी मानते. गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत मराठवाड्यातल्या बायकांच्याही आहेत. त्या वाचताना लक्षात येतं, की कितीतरी ओव्यांना पत्ता आहे. ही भावासाठी, ही माहेरच्या आईसाठी, ही विठ्ठलासाठी. निरोप्या म्हणून कुठे पाखरू आहे, कुठे वाटसरू. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत, शेजारच्या खोलीतल्या सासूलाही नीट ऐकू येऊ नये अशा आवाजात म्हटलेलं हे बोलणं म्हणजे बाईचा एकमेव बंद लिफाफा. नवऱ्याबद्दल मात्र ती तिथेही जपून बोलते. भावाला ती सूर्य म्हणेल, मुलाला चंद्र म्हणेल, आणि नवऱ्याबद्दलचं सगळं कुंकवाच्या, चुड्याच्या आड ठेवेल. सावित्रीच्या पत्रांतही प्रेमाचा उच्चार फार कमी आहे, पण तो संयम तिनं स्वतः निवडलेला आहे. ओवीतला संयम लादलेला आहे. दोन्हींतून सौंदर्य निर्माण होतं, म्हणून दोन्ही सारखेच, असं मी कधी म्हणणार नाही.

दोन्ही बाजूंची पत्रं एकत्र वाचायची तर आपल्याकडे ‘कुसुमानिल’ आहे. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा १९२२ ते १९२७ या काळातला पत्रव्यवहार, तो छापला गेला १९७२ साली, कुसुमावती जाऊन दहाएक वर्षं झाल्यावर. दोघं वैदर्भी, दोघं पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि १९६१ साली ग्वाल्हेरला त्या खुर्चीत बसणाऱ्या कुसुमावती पहिल्या स्त्री. खरी प्रेमपत्रं, खऱ्या हातांची. मी ती आदरानं वाचली, आणि वाचताना थोडी अवघडले. दोघांचं बोलणं इतकं पुरतं होतं की त्यात तिसऱ्याला जागाच उरत नाही. रेग्यांनी अर्धी पत्रं का ठेवली नाहीत, याचं उत्तर मला तिथे सापडलं. ‘सावित्री’त त्या बाजूला कुणी नसल्यामुळे पत्र आपल्याच हातात पडतं. ती विचारते ते आपल्याला विचारते. आप्पांबद्दलची काळजी ती आपल्याजवळ बोलते. उत्तर द्यायची जबाबदारी आपल्यावर येते, आणि पुस्तक मिटल्यावरही ती उतरत नाही.

अलीकडे आमच्याकडे एक बदल झाला आहे, आणि त्याची नोंद साहित्यात अजून पुरेशी झालेली नाही असं मला वाटतं. दसरा-दिवाळीनंतर अंबड-घनसावंगीच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बहुतेकदा नवरा-बायको जोडीनंच जातात, तोडीच्या हिशेबात त्या जोडीलाच एक ‘कोयता’ म्हणतात. पण जिचं बाळंतपण जवळ आलं आहे, ती मागे राहते, आणि तो भावासोबत कोयता धरायला जातो. माझ्या शेजारी अशी एक मुलगी आहे. शाळा लवकर सुटलेली, लिहिण्याचा कंटाळा. रात्री जेवणं झाली की ती गच्चीवर जाते आणि मोबाइल तोंडाजवळ धरून बोलत राहते. तिचा आवाज साठवून तिकडे पाठवला जातो, आणि तो फडावरच्या कोपीत आडवा पडून, कानाला लावून, ऐकतो. मध्ये लिहिणारी पोर नाही, वाचणारा सोबती नाही, दारात उभा राहून वाचणारा पोस्टमन नाही. काय बोलते ते मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही हेच मला फार मोलाचं वाटतं. या गावात कागद-लेखणीच्या जगानं जे बाईला दिलं नाही, ते तिला असं मिळालं. पत्रं संपली म्हणून हळहळणाऱ्या लेखांत मला मन घालता येत नाही ते यामुळे. ज्यांची पत्रं कधी सुरूच झाली नाहीत, त्यांच्या बाजूनं पाहिलं तर हा काळ काही तोट्याचा नाही.

या हिवाळ्यात मी ‘सावित्री’ मोठ्यानं वाचायला घेतली आहे. ऐकायला ही मुलगी असते, तिची सासू असते, आणि ज्यांची पत्रं मी लिहायची त्यांतल्या एक काकू असतात, आता ऐंशीच्या पुढच्या. पुस्तकी भाषा त्यांना अडेल असं वाटलं होतं, पण एकटीनं बोलत राहणं त्यांच्या ओळखीचं आहे. मोराच्या गोष्टीला सासूबाईंनी मान डोलावली. काकूंना वेगळाच पेच पडला. “त्याचं पत्र कामून नाही वाचत तू? त्यानं काय लिवलं?” ते पुस्तकात नाही, असं मी सांगितलं. यावर तिघींत बरीच चर्चा झाली. सासूबाईंच्या मते तो अबोल असणार. मुलीच्या मते त्यानं लिहिलं असणार, पण ते सावित्रीनं कुणाला दाखवलं नसणार, आणि तिचं बरोबर आहे. काकू म्हणाल्या, तिच्या पुढच्या पत्रावरून कळतंच की, हिला राग आला नाही म्हणजे त्यानं बरंच लिहिलं असंल. मग प्रत्येक पत्र झालं की त्याचं उत्तर काय आलं असेल हे त्या तिघी ठरवू लागल्या. काकूंनी बसवलेल्या उत्तरांत पाऊस असतो, जनावरं असतात, आणि शेवटी एक वाक्य असतं ते त्या मुलीच्या कानात सांगतात, मला सांगत नाहीत.

आता सावित्री जपानला निघाली आहे. मुलीच्या धाकट्या दिराच्या शाळेतून जगाचा नकाशा मागवला आहे, कारण पुढचं पत्र ऐकण्याआधी ती त्याच्यापासून किती लांब गेली हे त्यांना बोटानं मोजून पाहायचं आहे.